तारेच्या आतलं बालपण

सोलापुरात नवी पेठेतून रिक्षा केली आणि नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं, तरी रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. पोस्टाच्या पत्त्यात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असं लिहिलेलं असतं. शहरातल्या बहुतेकांच्या लेखी ती एक वस्ती, बाकीच्या वस्त्यांसारखीच. पण या पत्त्यामागं विसाव्या शतकातला एक मोठा प्रयोग आहे. आईबापांकडून मुलात काय उतरतं, त्यातून पुढं कसा माणूस घडतो आणि हा धागा मधेच तोडता येतो का, या प्रश्नांची उत्तरं सरकारनं इथं तारेचं कुंपण घालून शोधली. प्रयोग मुलांवर झाला. मोठेपणी त्या मुलांच्या मनाचं काय झालं, हे पाहायला मात्र कुणी थांबलं नाही.

गोष्ट सुरू होते १८७१ मध्ये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ब्रिटिश सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा विचार सोलापूरसारख्या विणकरांच्या गावाला चटकन कळावा असा होता. विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार. हिंदुस्थानात धंदा जातीनं चालतो, मग गुन्हाही जातीनंच चालत असणार, असं साहेबांनी धरलं आणि जन्मावरून माणसांची नोंद सुरू केली. एखाद्यानं काय केलं याला महत्त्व उरलं नाही. तो कुणाच्या पोटी जन्मला, एवढं पुरे झालं.

सुरुवातीला हा कायदा उत्तरेकडं लागू होता. १९११ मध्ये तो नव्यानं लिहिला गेला आणि मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट, घंटीचोर, छप्परबंद अशा कितीतरी समाजांवर त्याची छाया पडली. यातले बरेच लोक पिढ्यान् पिढ्या फिरस्ते होते. कुणी टोपल्या विणायचे, कुणी जात्याला टाकी लावायचे, कुणी शिकार करायचे, कुणी खेळ दाखवायचे. रेल्वे आली, जंगलाचे कायदे आले आणि त्यांच्या पोटापाण्याच्या वाटा एकेक करून बंद झाल्या. काहीजण चोरीकडं वळले, हेही खरं. पण कायद्यानं चोरी करणारा आणि न करणारा असा फरक ठेवला नाही.

या १९११ च्या कायद्यातलं सतरावं कलम वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. सरकारला वाटलं, तर या जमातींची मुलं आईबापांपासून वेगळी करून सरकारी शाळेत ठेवता येतील, असं ते सांगतं. मूल म्हणजे सहा वर्षांच्या वरचं आणि अठराच्या आतलं. शाळेचा अधीक्षक त्या मुलाचा पालक मानला जाई आणि त्याला कुणाच्या हाताखाली कामाला लावायचं, हे ठरवण्याचा अधिकारही त्याच्याकडं जाई. आईबाप जिवंत, धडधाकट, शेजारच्याच खोपटात. आणि कागदावर पालक तिसराच.

इथं इतिहासानं घेतलेलं एक वळण नीट समजून घ्यायला हवं. १८७१ चा विचार रक्ताचा होता, चोरी वंशातच आहे असं मानणारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनरी आणि सुधारणावादी अधिकारी पुढं आले. साल्व्हेशन आर्मीचे बूथ-टकर हे त्यातलं मोठं नाव. ते म्हणू लागले, रक्तात काही नसतं, जे असतं ते वळणात असतं. मूल चोर म्हणून जन्मत नाही, घरात पाहून शिकतं. आज ऐकायला हे किती शहाणपणाचं वाटतं! जन्मावर बोट ठेवण्यापेक्षा संगोपनावर ठेवणं केव्हाही माणुसकीचं. पण त्याच विचारातून पुढचं पाऊल सरळ पडलं. वळण वाईट असेल तर वळण लावणाऱ्यांपासून मूल दूर करा. रक्ताच्या सिद्धांतानं बापाला बेडी घातली होती. संगोपनाच्या सिद्धांतानं आईच्या कडेवरचं मूल मागितलं.

मुंबई इलाख्यात या जमातींना वसाहतींत, म्हणजे ‘सेटलमेंट’मध्ये, ठेवून वळण लावण्याचं काम ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्यानं उभं केलं. १९१० च्या सुमारास विजापूरला त्यानं सुरुवात केली, पुढं साऱ्या इलाख्यातल्या वसाहतींची जबाबदारी त्याच्यावर आली. स्टार्ट क्रूर नव्हता. याच माणसाच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये दलित आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली गेली आणि तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सदस्य होते. या लोकांना काम मिळालं, घर मिळालं, मुलं शिकली तर चोरी सुटेल, अशी त्याची श्रद्धा होती. काम कुठं मिळेल? जिथं गिरण्या आहेत तिथं. सोलापुरात १८७७ पासून जुनी मिल चालू होती, मागोमाग लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू अशा गिरण्या आल्या होत्या. त्यांना हात हवे होते. त्यामुळं सोलापूरची वसाहत इलाख्यातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक झाली, आणि ती चालवायला सरकारनं अमेरिकन मराठी मिशनकडं दिली.

आता एका लेकराच्या डोळ्यांनी तारेच्या आत पाहू. सकाळी भोंगा होतो, आई आणि बाप दोघंही गिरणीत जातात. मुलाला शाळेत जावंच लागतं, कारण वसाहतीत शाळा सक्तीची आहे. संध्याकाळी आईबाप परततात आणि हजेरी होते. नाव पुकारलं की बापानं पुढं यायचं, आहे म्हणून सांगायचं. त्याच्या बोटांचे ठसे सरकारदफ्तरी आहेत. पाहुण्याच्या गावी जायचं, मयताला जायचं, मुलीचं लग्न ठरवायचं, तर आधी पास काढायचा. पास नसताना बाहेर सापडला तर तुरुंग. चांगली वर्तणूक दिसली की कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त घर मिळे, वर्तणूक बिघडली असं वाटलं तर पुन्हा आत. आणि ज्यांचे आईबाप फारच बिघडलेले ठरत किंवा पळून गेलेले असत, ती मुलं वसतिगृहात.

लहान मूल जगाचा अंदाज स्वतः घेत नाही, आईबापाच्या चेहऱ्याकडं पाहून घेतं. कुत्रं भुंकलं, वीज कडाडली, अनोळखी माणूस दारात आला, की त्याची नजर आधी आईकडं जाते. ती शांत असेल तर मूलही शांत होतं. ज्या मुलानं रोज संध्याकाळी बापाला मान खाली घालून उभं राहिलेलं पाहिलं, ज्याला शाळेत सांगितलं गेलं की तुझ्या घरचं वळण वाईट आहे, त्या मुलानं धीर कुणाच्या चेहऱ्यावर शोधायचा? मारझोडीपेक्षाही मला ही गोष्ट खोल वाटते. मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईबापांची किंमत काढून घेतली जात होती.

हे करणारे लोक कुठून आले होते, हेही पाहायला हवं. मूल आईबापांपासून तोडणं ही त्यांच्या घरातली रीत होती. हिंदुस्थानातल्या इंग्रज कुटुंबांत मूल पाच-सात वर्षांचं झालं की त्याला विलायतेला पाठवत, परक्यांच्या घरी नाहीतर निवासी शाळेत. रुडयार्ड किपलिंग मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. १८७१ मध्येच, म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा झाला त्याच वर्षी, आईवडिलांनी त्याला आणि त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसी इथं पैसे देऊन ठेवलेल्या एका घरात सोडलं. तो सहाचाही नव्हता. त्या घरात त्याचा सहा वर्षं छळ झाला. आत्मचरित्रात तो सांगतो की आई अखेर परत आली आणि रात्री पापा घ्यायला वाकली, तेव्हा त्यानं मार चुकवायला हात वर केला. बहिणीला मोठेपणी मानसिक आजारानं वारंवार गाठलं. राज्यकर्त्यांनी आपल्या मुलांना जे दिलं, ते त्यांना दुःख वाटलं तरी अन्याय वाटला नाही. मग पारध्याच्या मुलाचा वियोग त्यांना अन्याय कसा वाटावा?

आणि आपण काय करत होतो? १९३३ मध्ये साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि मराठी घराघरांत वाचलं गेलं. गरीब आईनं मुलाचं मन कसं घडवलं, हे वाचून सारा महाराष्ट्र रडला. त्याच वर्षांत सोलापूरच्या कुंपणात तितक्याच गरीब आया होत्या, ज्यांच्या मायेलाच कायद्यानं संसर्ग ठरवलं होतं. त्यांच्यासाठी फार कमी डोळे ओले झाले. श्यामची आई आपली होती. कैकाड्याची आई आपल्याला आपली वाटली नाही. हा दोष एकट्या इंग्रजांवर टाकता येत नाही.

१९३६ मध्ये नेल्लोरच्या भाषणात जवाहरलाल नेहरूंनी या कायद्याचा कडक निषेध केला. कुठलीही जमात जन्मानं गुन्हेगार ठरवता येत नाही, असं त्यांनी बजावलं. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, गृहखातं कन्हैयालाल मुन्शींकडं गेलं आणि त्यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी करणारी समिती बसली. १९३९ मध्ये तिचा अहवाल आला.

नेमक्या याच वर्षांत, १९३६ ते १९३९, लंडनच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात जॉन बोल्बी नावाचा तरुण डॉक्टर चोरी करणाऱ्या मुलांच्या कहाण्या गोळा करत होता. ४४ मुलं चोरी करणारी आणि तुलनेसाठी त्याच केंद्रात आलेली, चोरी न करणारी ४४ मुलं. १९४४ मध्ये त्यानं निष्कर्ष छापले. चोरी करणाऱ्या ४४ पैकी १७ मुलांची लहानपणी आईपासून दीर्घकाळ ताटातूट झाली होती. दुसऱ्या गटात अशी मुलं फक्त २ होती. चोरी करणाऱ्यांतली १४ मुलं त्याला अगदी कोरडी वाटली. कुणाविषयी माया नाही, लाज नाही, पश्चात्ताप नाही. या १४ पैकी १२ जणांना लहानपणी आईपासून तोडलं गेलं होतं.

सोलापूरच्या कुंपणाशेजारी उभं राहून हे आकडे वाचले पाहिजेत. मूल चोर होऊ नये म्हणून त्याला आईपासून दूर करा, असं कायदा सांगत होता. आईपासून तोडलेलं मूलच चोरीकडं वळण्याचा धोका जास्त, असं लंडनचा डॉक्टर सांगत होता. राजधानी एकच, साम्राज्य एकच, वर्षंही तीच. दोन्ही कागद एका टेबलावर कधी आले नाहीत.

बोल्बीचं सगळंच टिकलं, असं नाही. मुलं थोडी होती, निदान करणाराही तोच आणि कारण शोधणाराही तोच. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यानं लिहिलेल्या अहवालानं जगभरातल्या अनाथालयांचं आणि इस्पितळांचं धोरण हलवलं. पण १९७२ मध्ये मायकेल रटर या इंग्रज मनोविकारतज्ज्ञानं त्याची नव्यानं तपासणी केली आणि दाखवून दिलं की केवळ ताटातूट हे एकच कारण धरून चालत नाही. घरातला कलह, ताटातुटीनंतर मिळालेली वागणूक, जवळचं दुसरं कुणी होतं की नाही, या सगळ्याचा त्यात वाटा असतो. ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, कारण आजी, आत्या, थोरली बहीण यांच्या हातांवर वाढणाऱ्या आपल्या मुलांना ती न्याय देते.

पुढच्या संशोधनातलं एक काम मला सोलापूरशी थेट जोडलेलं वाटतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात गॉर्डन पार्कर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना त्यांच्या सोळा वर्षांपर्यंतच्या आईबापांविषयी प्रश्न विचारणारी एक प्रश्नावली तयार केली. दोनच गोष्टी मोजायच्या: माया किती होती आणि ताबा किती होता. पुढच्या अनेक अभ्यासांत मोठेपणीच्या नैराश्याशी सर्वांत जास्त नातं दिसलं ते एका जोडीचं, माया कमी आणि पहारा जास्त. पार्करच्या मनात घरातले आईबाप होते. पण सरकारच जिथं पालक झालं, तिथं याहून वेगळं काय होतं? शाळेचा अधीक्षक कितीही सज्जन असला तरी शेकडो लेकरांना माया किती पुरणार? पहारा मात्र प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण येत होता.

सेटलमेंटनं काहीच दिलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. मुलं वाचायला शिकली. गिरणीत कायमची नोकरी मिळाली, डोक्यावर पक्कं छप्पर आलं. मिशनच्या लोकांपैकी काहींनी जीव ओतून काम केलं. ज्यांच्या दोन पिढ्या पोलिसांच्या काठीखाली गेल्या होत्या, त्यांना रोजचा पगार ही मोठी गोष्ट होती. माझा आक्षेप शाळेला नाही, त्या शाळेच्या पायाशी घातलेल्या गृहीताला आहे. शिकायचं असेल तर आधी आपल्या माणसांची लाज वाटली पाहिजे, असं ते गृहीत होतं.

दुसरा रस्ता होता, आणि तो याच मुंबई प्रांतात चोखाळला गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीत नेली, दाराशी, अंगणात. त्यातून अंगणवाडी आकाराला आली. पुढं कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखत होती, तिथं त्यांनी आणि अनुताई वाघांनी कुरणातच शाळा भरवली. मूलही गरीबच, आईबापही निरक्षरच. फरक इतकाच की इथं शिकण्यासाठी मुलाला कुणापासून तोडावं लागलं नाही. आई शेजारी भाकरी थापत असताना मूल गाणं शिकत होतं.

मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये कायदा रद्द केला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. तारा निघाल्या, पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, मुंबई राज्यात १९५९ मध्ये. जमातीचं नाव कायद्यातून गेलं, पोलीस ठाण्यातल्या वहीतून गेलं नाही. गावात चोरी झाली की वस्तीवर गाडी येई आणि बापाला उचलून नेई. तारेच्या आत वाढलेलं मूल आता स्वतः बाप झालं होतं आणि त्याच्या मुलानं पुन्हा तेच दृश्य पाहिलं. भीती एका पिढीतून दुसरीत अशीच जाते. तिला रक्त लागत नाही.

या भीतीचा हिशेब मानसशास्त्रानं नाही, मराठी साहित्यानं ठेवला. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’त लातूरकडच्या एका पोराला बाप शाळेत घालतो, जात-पंचायतीचा रोष पत्करून. हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी दशकानुदशकं पाठपुरावा केला, तेव्हा सर्वांत कठीण घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट मनाची निघाली. त्यांच्यातलं एक साम्य असं की त्यांच्या पाठीशी निदान एक मोठं माणूस ठाम उभं होतं. गायकवाडांच्या पुस्तकातला तो बाप मला वर्नरच्या निष्कर्षाआधीचा पुरावा वाटतो. ज्या आईबापांना कायद्यानं विष ठरवलं, त्यांच्यातच मुलाला तारून नेणारी माणसं होती.

ऑस्ट्रेलियानं आदिवासींची हिरावलेली मुलं मोजली. १९९७ मध्ये चौकशी अहवाल आला, १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. कॅनडानं त्याच वर्षी जूनमध्ये निवासी शाळांबद्दल माफी मागितली आणि सत्यशोधन आयोग नेमून हजारो वृद्धांच्या साक्षी नोंदवल्या. त्यांतून पुढं आलेलं चित्र सारखंच आहे: व्यसन, नैराश्य, आत्महत्या आणि आपल्या मुलांना जवळ कसं घ्यायचं हेच न उमगणं. ज्याला कुणी कुशीत घेतलं नाही, त्याला कुशीत घेणं शिकवणार कोण?

आपल्याकडं याच २००८ साली भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचा अहवाल सरकारला सादर झाला. त्या आयोगाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके, सोलापूरचेच. घर, रेशन, दाखले, शिक्षण या सगळ्याचा त्यांनी पाठपुरावा केला आणि ते आधी व्हायलाच हवं होतं. पण सेटलमेंटमधल्या बालपणाच्या साक्षी नोंदवण्याचं काम राहून गेलं. १९४९ मध्ये जे दहा वर्षांचे होते, ते आज पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. सोलापुरात विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, समाजकार्याचे आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी आहेत. त्यांनी वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन या वस्तीत बसावं. हजेरीच्या वेळी तुमचे वडील काय म्हणत, वसतिगृहातल्या पहिल्या रात्री तुम्हाला कुणी जवळ घेतलं, तुमच्या मुलांना तुम्ही हे कधी सांगितलं का, असे साधे प्रश्न विचारावेत. हे काम पाच वर्षांनी करायचं म्हटलं, तर विचारायला माणसं उरणार नाहीत.